सात किलोंचा हिशेब

पत्र थोडक्यात, ओळख पटेल असे तपशील वगळून:

आम्ही नवरा-बायको, दोघंही पन्नाशी ओलांडलेले. मुलं मार्गी लागल्यावर पहिल्यांदाच फक्त दोघं सोळा दिवस परदेशात फिरून आलो. चार शहरं, मधला प्रवास बहुतेक रेल्वेने. माझ्याकडे एकच सॅक होती, बरोबर सात किलोंची. बायकोकडे तेवीस किलोंची मोठी बॅग, एक केबिन बॅग आणि खांद्याला पर्स. जाताना विमान बदललं तिथे मोठी बॅग मागे राहिली आणि दोन दिवसांनी मिळाली. माझ्या रक्तदाबाच्या गोळ्याही तिने त्याच बॅगेत ठेवल्या होत्या, त्यामुळे दोन दिवस गोळ्यांवाचून काढावे लागले. पुढे एका मुक्कामी लिफ्ट नव्हती. ती बॅग मी तीन मजले चढवली आणि कंबर धरली. मध्ये एकदा मला ताप आला, तेव्हा थर्मामीटर आणि तापाची गोळी तिच्याकडेच निघाली, हे मान्य. परत आल्यावर मी न वापरलेल्या वस्तूंची यादी केली. एकेचाळीस निघाल्या. यादी तिला दाखवली. तेव्हापासून प्रवासाचा विषय निघाला की ती उठून जाते. पुढच्या वर्षी पुन्हा जायचंय. माझं म्हणणं, दोघांनीही फक्त केबिन बॅग न्यावी. ती म्हणते, मग तू एकटाच जा. कमी सामानात प्रवास किती सुखाचा होतो, हे तिला कसं पटवू?
– सॅकवाला

नमस्कार.

तुमचं पत्र दोनदा वाचलं. पहिल्या वाचनात तुमच्या कंबरेचं वाईट वाटलं. तेवीस किलो तीन मजले चढवणं म्हणजे खायचं काम नाही, आणि त्या जिन्यात तुम्ही मनात काय काय म्हणाला असाल याचा अंदाज आहे मला. दुसऱ्या वाचनात मात्र एका वाक्यावर अडले, ती अजून तिथून पुढे गेलेले नाही. ‘माझ्या रक्तदाबाच्या गोळ्याही तिने त्याच बॅगेत ठेवल्या होत्या.’

गोळ्या तुमच्या. रोज घेता तुम्ही. मग त्या तुमच्या सॅकमध्ये का नव्हत्या? दोन-तीन स्ट्रिप्सचं वजन ते किती! सॅकेत जागा नव्हती म्हणून, की गोळ्या भरणं हे मुळातच बायकोचं काम आहे असं न बोलता ठरून गेलं होतं म्हणून? माझा अंदाज दुसऱ्याकडे झुकतो. चुकला असेल तर तसं कळवा, पुढच्या वेळी छापू.

थर्मामीटर तिच्याकडे ‘निघाला’ असं तुम्ही लिहिलंय. वस्तू आपोआप निघत नाहीत हो. निघण्याआधी कुणीतरी आठवणीने त्या ठेवलेल्या असतात. पत्रात नाहीत म्हणून आणखी काही विचारते. पिन बदलायचा अ‍ॅडाप्टर कुणाकडे होता? टूथपेस्ट? नेलकटर, सुईदोरा, कागदपत्रांच्या प्रती? तुमचं जाड जाकीट पहिले तीन दिवस कुठल्या बॅगेत होतं? यातल्या निम्म्यांचं उत्तर ‘तिच्या’ असं येत असेल, तर ‘बरोबर सात किलो’ हा आकडा वजनकाट्यावर खरा असेल, हिशेबात खरा नाही. तुमचं काही सामान तिच्या नावावर चढलं होतं. दर घरात दिसणारा हा प्रकार आहे. एक जण सुटसुटीत फिरतो, कारण दुसरा दोघांचं भरतो, आणि वर ‘किती भरतेस!’ हेही त्यालाच ऐकावं लागतं. नवऱ्यांच्या बाबतीतही पाहिलंय मी हे, तेव्हा यात बायका-पुरुष असं काही करत नाही.

आता त्या यादीकडे येते, कारण तंटा बॅगेवरून झालेला नाही, यादीवरून झालाय. तिने सोळा दिवस दोघांची काळजी वाहिली आणि घरी आल्यावर तिच्या हातात चुकांचं पत्रक पडलं. तुमच्या सॅकेतल्या न वापरलेल्या वस्तूंची यादी झाली का? नसेलच. ‘तू एकटाच जा’ हे मला रुसणं वाटत नाही. मला ते ‘एकदा माझ्याशिवाय भरून बघ’ असं ऐकू येतं.

यादीत आणखी एक गडबड आहे. न वापरलेली वस्तू म्हणजे बिनकामाची वस्तू, हे गृहीत धरलंय तुम्ही. पट्टी बांधायचं सामान वापरावं लागलं नाही याचा आनंद मानायचा असतो. जादा चष्मा, पावसाळी जाकीट, उलटी-जुलाबाची औषधं हा सगळा विम्याचा हप्ता झाला. या एकेचाळिसांचे तीन ढीग करा, पण दोघं मिळून. पहिला ढीग ‘बरं झालं लागलं नाही’. दुसरा ‘कुठेतरी छान जायचं ठरलं तर?’, ‘डाग पडला तर?’, ‘अचानक थंडी पडली तर?’ अशा जर-तरच्या कपड्यांचा. तिसरा दुबार वस्तूंचा, दोघांनीही आणलेल्या किंवा मुक्कामी हमखास मिळणाऱ्या: टॉवेल, साबण, केस वाळवायचं यंत्र. कात्री लावायची ती दुसऱ्या आणि तिसऱ्या ढिगाला. पहिल्याला हात लावायचा नाही. आणि चौथी यादी करा, जी तुम्ही केलीच नाहीत: तिथे गेल्यावर विकत घ्यावं लागलं किंवा नसल्यामुळे अडलं असं काय? ही यादी सहसा चार-पाच वस्तूंची असते आणि पुढच्या प्रवासाला तीच सगळ्यात उपयोगी पडते.

फुशारकी नको म्हणून माझंही सांगते. एक छोटी घडीची इस्त्री मी तीन प्रवासांत नेली. पहिल्या दोन वेळी ती बॅगेतून बाहेरही आली नाही. तिसऱ्या वेळी ओला मोजा वाळवायला वापरली आणि मोजा जाळला. खोलीत त्याचा वास पुढचे दोन दिवस होता. ती इस्त्री मी का नेत होते, याचं उत्तर कपड्यांत नव्हतंच. परक्या ठिकाणी चुरगळलेल्या कपड्यांत उभं राहायची मला भीती वाटते. तुमच्या बायकोच्या बॅगेतही अशी एखादी भीती घडी घालून ठेवलेली असेल. ती कुठली, हे तुम्ही कधी विचारलंत का? पटवण्याआधी तेवढं विचारून बघा.

तिची बाजू घेतेय असं वाटत असेल, तर तुमचीही घेते. जी बॅग स्वतःला एक मजला चढवता येत नाही ती न्यायची नाही, हा नियम तिलाही लागू व्हायला हवा. रेल्वेने फिरताना डब्याची पायरी, फलाटाची फट, बंद पडलेला सरकता जिना हे सगळं येतंच. तेवीस किलो ही विमान कंपनीची कमाल मर्यादा असते, गाठायचं लक्ष्य नसतं, आणि तीही तिकिटागणिक बदलते. मोठ्या कडक कवचाची बॅग तर रिकामी असतानाच चार-पाच किलो भरते, म्हणजे पाचवा हिस्सा नुसत्या खोक्याचा. घर सोडायच्या आधी दोघांनी आपापली भरलेली बॅग जिन्याने एक मजला वर नेऊन खाली आणा. या परीक्षेनंतर बॅगेतून किती वस्तू आपण होऊन बाहेर पडतात ते बघा. कुणाला बोलावं लागत नाही.

आता पर्याय. फक्त केबिन बॅगा न्यायचा तुमचा हट्ट वाईट नाही. बॅग हरवायची भीती नाही, पट्ट्यापाशी ताटकळणं नाही. पण सात-आठ किलोंची मर्यादा काटेकोर पाळली जाते तिथे, थंडीचे कपडे असले की तुमच्या वयाच्या औषधपाण्याच्या सामानासकट हे गणित अवघड होतं. शिवाय द्रवांचा नियम आहे. 2006 साली विमानांत द्रवरूप स्फोटकं नेण्याचा कट उघडकीला आला, तेव्हापासून 100 मिलिलिटरच्या बाटल्या आणि एक लिटरची पारदर्शक पिशवी हे गणित चालत आलंय. नव्या यंत्रांमुळे काही विमानतळांनी ते सैल केलंय, पण परतीच्या वाटेवरचा विमानतळ जुन्याच नियमाचा असू शकतो. आणि मोजतात ते बाटलीचं माप. 200 ची बाटली तळाशी चमचाभर उरलेली असली तरी बाहेरच राहते. म्हणजे या पर्यायात तिची क्रीमं जातील, तसं तुमचं दाढीचं सामानही जाईल. जड शूज पायात घालून विमानात बसायची आणि दर चौथ्या दिवशी धुणं धुवायची तयारी हवी. तुम्ही सोळा दिवसांत किती वेळा कपडे धुतलेत? की तेही कुणीतरी धुतले?

दुसरा पर्याय, दोघांत एक मोठी बॅग आणि दोन छोट्या. कागदावर शहाणपणाचा दिसतो. पण मोठी बॅग ओढायची कुणी, यावर रोज सकाळी नवी चर्चा होते आणि ती मागे राहिली तर दोघंही उघड्यावर. मला हा आवडत नाही.

मला पटतो तिसरा. दोघांना एकेक मधल्या आकाराची बॅग, भरून बारा-चौदा किलोंच्या वर जाऊ द्यायची नाही, आणि पाठीला एकेक छोटी सॅक. सामाईक वस्तूंची यादी नावानिशी वाटून घ्यायची. औषधांची पेटी तुमच्याकडे असेल, तर चार्जर-अ‍ॅडाप्टर तिच्याकडे. ‘तू घेतलं असशील ना?’ हा प्रश्न विमानतळावर विचारायचा नाही. आणि कपड्यांची अदलाबदल करायची, तिचे दोन जोड तुमच्या बॅगेत, तुमचे दोन तिच्या. एक बॅग मागे राहिली तरी दोघांनाही दुसऱ्या दिवशी धुतलेलं काहीतरी अंगात घालता येतं. तुमच्या त्या दोन दिवसांत तिने काय घातलं, हे तुम्ही लिहिलेलं नाही. तुमचा शर्ट असणार.

कपड्यांचा आकडा दिवसांवर ठरवू नका, धुण्यावर ठरवा. सोळा दिवस असोत की सहा, पाच दिवसांचे कपडे पुरतात. जाड जीन एकच, तीही अंगावर, कारण ती एका रात्रीत वाळत नाही. बाकी पातळ कपडे नळाखाली धुवायचे, पिळून कोरड्या टॉवेलवर पसरायचे, टॉवेलची शर्टासकट घट्ट गुंडाळी करायची आणि तिच्यावर अनवाणी उभं राहायचं. टॉवेल पाणी ओढून घेतो आणि शर्ट सकाळपर्यंत वाळतो. हे काम तुम्ही करा. तुमचं वजन जास्त असेल, कामी येईल.

गोळ्यांचं जरा विस्ताराने सांगते, कारण तुमच्यासारखे बरेच जण त्यात फसतात. रोजची औषधं नेहमी जवळच्या सॅकेत ठेवायची, परतीला उशीर झाला तर म्हणून आठवडाभराची जास्त घ्यायची. डबीत सुटी भरायची नाहीत, मूळ स्ट्रिपमध्येच ठेवायची, आणि सोबत डॉक्टरांची चिठ्ठी, जिच्यावर कंपनीच्या नावाबरोबर औषधाचं मूळ नावही असेल. परक्या देशातला औषधवाला तेच नाव ओळखतो. रक्तदाबाची काही औषधं अचानक थांबली तर दाब उसळी मारू शकतो, तेव्हा झाला प्रकार तुमच्या डॉक्टरांच्या कानावर घाला. साध्या वाटणाऱ्या औषधांचीही चौकशी करून जा. नाक चोंदल्यावर घेतात त्या गोळ्यांतलं स्यूडोएफेड्रिन दहा टक्क्यांहून जास्त असेल तर ते औषध जपानमध्ये नेता येत नाही. खोकल्याच्या औषधातल्या कोडीनवर संयुक्त अरब अमिरातीत कडक बंधनं आहेत. जिथे जाणार त्या देशाच्या सरकारी संकेतस्थळावर हे निघण्याआधी बघायचं.

पॉवर बँकचंही तसंच आहे. ती मोठ्या बॅगेत टाकायचीच नाही, लिथियमची बॅटरी पेटली तर सामानाच्या तळघरात विझवणार कोण? 100 वॉट-तासांपर्यंतची जवळ नेता येते, त्यावर 160 पर्यंत विमान कंपनीची परवानगी लागते. हिशेब सोपा आहे. वीस हजार मिलिअँपिअर-तास, गुणिले 3.7 व्होल्ट, भागिले हजार, म्हणजे 74 वॉट-तास. आणि विमान भरलंय म्हणून दारातच केबिन बॅग खाली घेतली, तर पॉवर बँक आणि गोळ्या आधी काढून घ्यायच्या. त्या घाईत नेमकं हेच विसरतं.

अ‍ॅडाप्टर पिनेचा आकार बदलतो, विजेचा दाब बदलत नाही. फोनच्या चार्जरवर बारीक अक्षरांत 100 ते 240 व्होल्ट लिहिलेलं असतं, म्हणून तो सगळीकडे चालतो. केस वाळवायच्या यंत्रावर बहुधा एकच आकडा असतो. अमेरिकेत 120, जपानमध्ये 100, युरोपात 230, तेव्हा ते घरीच राहू द्या.

बॅग मागे राहिली तर काय करायचं, तेही यापुढे दोघांना माहीत असू द्या. विमानतळ सोडण्याआधी सामानाच्या काउंटरवर लेखी तक्रार नोंदवून तिचा क्रमांक घ्यायचा. बॅगेचा आतला-बाहेरचा फोटो, चिकटवलेली पट्टी, तातडीने घेतलेल्या वस्तूंच्या पावत्या जपायच्या. आंतरराष्ट्रीय विमानप्रवासाबद्दलच्या 1999 च्या मॉन्ट्रियल कराराप्रमाणे मोडतोडीची तक्रार बॅग मिळाल्यापासून सात दिवसांत आणि उशिराची एकवीस दिवसांत लेखी करावी लागते. भरपाईची कमाल मर्यादा 28 डिसेंबर 2024 पासून माणशी 1,519 एसडीआर आहे. एसडीआर हे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबाचं एकक. तुम्ही पावत्या ठेवल्या होत्या का? मुदत टळून गेली असेल तर आता चुटपुटू नका.

राहता राहिलं बायकोशी बोलणं. एक तर, मोठ्या प्रवासानंतर लगेच आढावा घ्यायचाच नाही. अंगातलं घड्याळ नव्या वेळेला जुळायला दोन ठिकाणच्या वेळेतल्या फरकाच्या तासाला साधारण एक दिवस घेतं, पूर्वेकडे गेल्यावर जास्तच. अशा अर्धवट झोपेत तुम्ही ती यादी काढलीत. वेळ चुकली, एवढं तरी कबूल करा. ‘माझ्या गोळ्यांची जबाबदारी माझी होती आणि मी ती तुझ्यावर ढकलली’ हे वाक्य आधी बोला, पुढे ‘पण’ न लावता. ‘पण’ लावलात की ती उठून जाईल, आणि मी तिला दोष देणार नाही.

ते बोलून झालं की लगेच बॅगांवर येऊ नका. प्रवासातलं काय आवडलं, यावर बोला. सोळा दिवसांपैकी एखादी संध्याकाळ असेलच जेव्हा दोघंही गप्प बसून काहीतरी बघत होतात आणि बॅगा खोलीवर होत्या. तुमच्या पत्रात त्या देशाचं नावही नाही, एका रस्त्याचा उल्लेख नाही, आहेत ते फक्त किलो. पुढच्या वर्षी कुठे जायचं हे तिला ठरवू द्या. सामानाचं बघता येईल. कदाचित ती लिफ्ट असलेलाच मुक्काम शोधेल. तोही एक उपाय आहे, आणि माझ्या सगळ्या सूचनांपेक्षा सोपा.

दरम्यान तुम्ही एक करा. तीच सॅक काढा, होती तशी भरा. मग तिच्यात गोळ्या, थर्मामीटर, तापाचं औषध, अ‍ॅडाप्टर, टूथपेस्ट, कागदपत्रांच्या प्रती, ते जाड जाकीट आणि तिने तुमच्यासाठी नेलेलं बाकी जे आठवेल ते घाला. न आठवलं तर तिला विचारा. चेन लागते का बघा, वजनकाट्यावर ठेवा आणि आकडा मला कळवा.